नाडी

कंपनीचं पत्र. एका बाजूला इंग्रजी, पाठीमागं कानडी.
मुचंडी मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कानडी वाचलं,
मग मला मराठीत सांगितलं, तेही निम्मंच:
"त्या निळ्या जाकिटांच्या टोपीची नाडी.
घसरगुंडीला अडकते. बसच्या दाराला अडकते.
कुठंतरी एका पोराचं...
असू दे. चोवीस आलेली. सगळी वापस आणायची."

खडेबाजारात अकरा वर्षं मी बिलं करतोय.
हीच नाडी ओढून ओढून मी विकली होती,
बघा, कानात वारं शिरायचं नाही म्हणून.
आयांनी मान डोलावली होती. थंडी होती.

सहा मांडणीवरच होती.
सातवं माझ्या घरात, खुंटीला.
ईश्वरीनं नाडीचं एक टोक चावून चावून
वातीसारखं पातळ केलेलं.
मी ते खिशात घातलं आणि तिला काही सांगितलं नाही.

बाकी सतरा बिलबुकात.

वडगावात मागांच्या खटाखटात सुवर्णा धोत्रे ओरडूनच बोलली,
"ती नाडी? आणल्या दिवशीच काढून टाकलो मी.
मागावर बसणारीला
दोरी काय करते ते सांगायला लागतंय होय?"
कांड्यांच्या पिशवीचं तोंड तिनं त्याच नाडीनं बांधलेलं.
जाकीट दिलं. नाडी दिली नाही.

अनगोळात एकानं दारातच अडवलं.
पैसे परत द्यायला कोण येतं काय कधी?
आत सोनं शिवलंय काय?
त्यानं माझ्यासमोर शिवण चाचपली, सगळी,
आणि जाकीट घेऊन आत गेला.

कडोलीत बटाट्याच्या रानात एक बुजगावण्याला घातलेलं.
नाडी गळ्याशी गच्च, वर मडकं.
ते मी तसंच सोडलं. वहीत लिहिलं: मिळालं.

सुळेभावीच्या पुढं एका वाडीत मराठी संपलं.
माझं कानडी बाजारापुरतं:
ऐवत्तु, नूरु, कडिमे माडि.
गळ्याला काय म्हणतात ते आठवेना.
मी बोटानं स्वतःच्या गळ्यावर रेघ ओढून दाखवली,
तशी ती बाई पोराला घेऊन दोन पावलं मागं सरली.
काय केलं मी ते मला उशिरा कळलं.
मग पिशवीतलं दुसरं जाकीट काढलं, ही, ही, म्हणून ओढून दाखवली.
"लाडि?" ती म्हणाली.
नाडी, मी म्हणालो.
लाडि. नाडी.
पोरगं हसलं आणि स्वतःच हात वर करून उभं राहिलं,
काढा म्हणून.

येळ्ळूरला पोचायला रात्र झाली.
कुगजींची धाकटी जाकीट घालूनच झोपलेली, टोपीसकट.
आईला मी हळू आवाजात सांगितलं.
तिनं दिवा लावला नाही.
दोन बोटं गळ्याजवळ घातली, गाठ सोडवली,
आणि बोटं तिथंच राहू दिली.
मी उंबऱ्यावर. तीही गप्प.
बोटांखाली काय लागत होतं
ते तिलाच माहीत.

एक बिल राहिलं. शनिवारच्या गर्दीतलं.
रोख. नाव नाही. माझ्याच अक्षरात नुसतं: खानापूर.
नाव विचारायला किती वेळ लागला असता?

मालक म्हणतात, सोड की आता. पत्राला उत्तर गेलं.
खरंय. कंपनीला पुरे आकडे गेलेत,
बुजगावणंसुद्धा त्यात आहे.

तरी रविवारी मी स्टँडवर जातो,
खानापूरची गाडी लागते तिथं.
परवा एक निळं दिसलं. पायरीवर चढत होतं.
मी धावलो.
टोपीला नाडी नव्हती, दुसरीच कंपनी, चेन होती.
"काय शोधूलालाय ओ?" आईनं विचारलं
आणि पोरीला जवळ ओढलं, माझ्यापासनं.

मी काही नाही म्हणालो.
गाडी सुटेपर्यंत खिडकीतल्या त्या गळ्याकडं बघत राहिलो,
खिशात ईश्वरीचं चावलेलं टोक
बोटाला गुंडाळत, सोडवत.